रिएजंटच्या बाटलीवर एक्स्पायरी लांबची, ठेवली पण रूम टेम्परेचरला, तरी महिनाअखेर ॲसे चढतोच: आमच्याकडे काय सापडलं

प्रॉब्लेम आधी सांगते. ॲस्कॉर्बिक ॲसिडचा, म्हणजे व्हिटॅमिन सीच्या कच्च्या मालाचा ॲसे (मालात खरं औषध किती टक्के आहे तो आकडा) आम्ही आयोडीनने टायट्रेट करून काढतो, म्हणजे खुणांच्या काचेच्या नळीतून, ब्युरेटमधून, आयोडीन थेंबथेंब सोडून किती खपलं ते मोजतो. लिमिट 99.0 ते 100.5 टक्के, म्हणजे वरच्या बाजूला जागा फार नाहीच. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सगळं छान, 99.6, 99.8, तिसऱ्या आठवड्यात 100.4 वगैरे यायला लागतं आणि शेवटच्या आठवड्यात एखादा तरी लॉट 101.2 ला जाऊन बसतो. मग ओओएस (आउट ऑफ स्पेसिफिकेशन, लिमिटबाहेरचा रिझल्ट), मग कागदपत्रं, मग रिपीट, मग एक तारखेला नवीन सोल्युशन बनलं की तोच लॉट परत 99.7. असं सलग चार महिने झालं. चौथ्या वेळी आमचे सर म्हणाले की ॲनालिस्ट बदला. ॲनालिस्ट मीच होते.

तुमच्याकडे आयोडीन नसेल, सोडियम हायड्रॉक्साइड असेल नाहीतर पर्क्लोरिक असेल, पण "नवीन बाटली फोडली की बरोबर, जुनी होत गेली की चढतं" हा पॅटर्न असेल तर पुढचं वाचा, कारण शोधायची पद्धत बरीचशी तीच आहे.

पहिली गोष्ट, रिझल्ट कुठल्या बाजूला सरकतोय ते बघा. हे इतकं साधं आहे की कोणी बघतच नाही, सगळे "फेल झालं" एवढंच बघतात. औषध खराब झालं तर ॲसे खाली जायला पाहिजे. ॲस्कॉर्बिक ॲसिड हवेने ऑक्सिडाइज झालं तर ते आयोडीन कमी खाणार, म्हणजे 98, 97. आमचं वर जात होतं. शंभर टक्के शुद्ध पदार्थ 101.2 टक्के कसा असेल? एकतर त्यात आयोडीन खाणारं दुसरं काहीतरी आहे, नाहीतर आपलं आयोडीन जेवढं समजतोय तेवढं स्ट्राँग राहिलेलं नाही. टायट्रंट (ब्युरेटमधलं सोल्युशन) पातळ झाला की एंड पॉइंट (रंग बदलून टायट्रेशन संपल्याची खूण) यायला जास्त एमएल लागतात, आपण जुनाच फॅक्टर (खरी ताकद सांगितलेल्या ताकदीच्या किती पट आहे तो आकडा) लावतो आणि कागदावर औषध जास्त दिसतं. (बॅक टायट्रेशन, म्हणजे एक रिएजंट मुद्दाम जास्त टाकून उरलेलं दुसऱ्याने मोजायचं, असं असेल तर बाजू उलटू शकते, शेवटी जो ब्युरेटमधून जातो तो पातळ झाला की ॲसे कमी दिसतो, तिथे घाई करू नका, आधी कागदावर गणित मांडा.)

आता हे किती बारीक आहे बघा. 100 एमजी सॅम्पल, 0.05 मोलर आयोडीन, एक एमएल म्हणजे 8.806 एमजी ॲस्कॉर्बिक ॲसिड. म्हणजे शुद्ध मालाला 11.36 एमएल लागणार. आणि 101.2 यायला? 11.49. फरक 0.13 एमएल. ब्युरेटचा एक थेंब साधारण 0.05 एमएलचा, म्हणजे अडीच थेंबांवरून लॉट फेल होतोय. म्हणून सगळ्यात आधी शंका येते ती एंड पॉइंट पकडणाऱ्यावर, की ही बाई स्टार्चचा निळा रंग उशिरा बघते. माझ्यावर तीच आली होती.

ही शंका मिटवायला एक सोपी युक्ती आहे, अर्ध्या तासात होते. तोच सॅम्पल एकदा 100 एमजी घ्या, एकदा 200 एमजी घ्या. गडबड एंड पॉइंटची किंवा ब्लँकची (सॅम्पल न घालताच लागणाऱ्या थेंबांची) असेल तर जास्तीचे थेंब दोन्हीकडे सारखेच पडतात, म्हणजे 100 ला 1.2 टक्के जास्त आलं तर 200 ला ते अर्ध्यावर, 0.6 च्या आसपास यायला पाहिजे. आणि टायट्रंटच पातळ असेल तर टक्केवारी हलत नाही, दोन्हीकडे 101.2 च राहते. आमचं 11.49 आणि 22.99 आलं. दोन्ही 101.2. डोळे सुटले, बाटली अडकली. सोबत रेफरन्स स्टँडर्डचं (शुद्धता आधीच माहीत असलेल्या नमुन्याचं) एक टायट्रेशन लावा, ते पण तेवढंच चढलं तर सॅम्पल पण सुटला. आमचं रेफरन्स पण चढलं.

इथपर्यंत सगळं सरळ होतं, आणि इथेच आम्ही दोन महिने वाया घालवले, ते कसे ते सांगते.

साहजिकच आयोडीन परत स्टँडर्डाइज केलं, म्हणजे त्याचा फॅक्टर नव्याने काढला. आमच्याकडे ते सोडियम थायोसल्फेटवर करतात. सुरुवातीचा फॅक्टर 0.998 होता, आता आला 0.997. म्हणजे आयोडीन जसंच्या तसं! झालं, आयोडीन निर्दोष. मग बॅलन्स कॅलिब्रेट केला, ब्युरेट बदलली, पाणी बदललं, स्टार्च नवीन केला, सॅम्पलचं लॉस ऑन ड्राइंग (वाळवल्यावर घटणारं वजन) दोनदा काढलं. काहीच हाती लागलं नाही, आणि एक तारीख आली की प्रॉब्लेम आपोआप गायब.

शेवटी एका रात्रपाळीत नवीन आलेल्या पोराने विचारलं, मॅडम पण थायोसल्फेट कधी बनवलंय? बनवलं होतं एक तारखेला. आयोडीन कधी? एक तारखेला. दोन्ही एकत्रच बनतात, एकत्रच संपतात, शेड्यूलच तसं होतं. म्हणजे ज्याच्यावर आयोडीन तपासतोय ते थायो पण तेवढंच म्हातारं झालेलं. आयोडीन टक्काभर उतरलं, थायो पण टक्काभर उतरलं, एकमेकांशी लढवले तर बरोबरी सुटते. फॅक्टर 0.997 येणारच.

थायोची बाटली काळ्या कागदासमोर धरून बघितली. तळाशी अगदी हलका, दुधात पाणी घातल्यासारखा गढूळपणा. बाटली फिरवली की धूर उठल्यासारखा वर येतो आणि मग बसतो. तो गंधक. थायोसल्फेटला आम्ल मिळालं की त्यातून बायसल्फाइट आणि गंधक सुटतं, आणि आम्ल म्हणजे कोणी ओतायलाच पाहिजे असं नाही, पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड पण पुरतो. त्यात गंधक खाणारे बॅक्टेरिया पण असतात, ते पण थायो फोडतात. म्हणून तर पद्धतीत लिहिलेलं असतं की पाणी उकळून गार केलेलं ताजं घ्या आणि लिटरला 26 ग्रॅम थायोसोबत 200 एमजी सोडियम कार्बोनेट टाका. कार्बोनेट आम्ही टाकत होतो. पाणी उकळत नव्हतो. कॅनमधलं प्युरिफाइड वॉटर सरळ ओतत होतो, कारण "प्युरिफाइडच आहे ना".

थायोचा आणखी एक वात्रटपणा आहे, तो माहीत असलेला बरा. खराब व्हायला लागतं तेव्हा ते आधी उतरत नाही, आधी चढतं. थायोचा एक रेणू आयोडीनचा अर्धाच रेणू खातो, पण त्यातून सुटलेला बायसल्फाइटचा एक रेणू आख्खा आयोडीन रेणू खातो. म्हणजे जेवढं थायो फुटलं तेवढ्यापुरती ताकद दुप्पट. मग हळूहळू हवेने त्या बायसल्फाइटचं सल्फेट होतं, सल्फेट काहीच खात नाही, आणि ताकद मूळच्या खाली येते. म्हणजे एकाच बाटलीने पहिल्या काही दिवसांत आयोडीन पातळ दाखवायचं आणि नंतर घट्ट दाखवायचं. याच्यावर कोणी ट्रेंड काढायला गेला की वेडा होतो. चढ-उतार दोन्ही दिसले तर थायोवर संशय घ्या.

मग पोटॅशियम आयोडेटवर थायो तपासलं. आयोडेट घन, वाळवलेलं, रोज ताजं वजन करून घ्यायचं, ते म्हातारं व्हायचा प्रश्न नाही. थायोचा फॅक्टर एक तारखेच्या मानाने 1.1 टक्के खाली. तो नवा फॅक्टर लावून आयोडीन परत काढलं तर आयोडीन पण तेवढंच खाली. नवे फॅक्टर घालून त्याच 11.49 वर गणित केलं, ॲसे आला 100.1.

म्हणजे अर्धं काम झालं. थायो का उतरलं ते कळलं, पण आयोडीन का उतरतंय? ते तर अंबर बाटलीत होतं, बाटली कपाटात, कपाट 25 डिग्रीच्या खोलीत, सगळं नियमाप्रमाणे.

इथे ऑटो ब्युरेट नीट बघितली. आमची जुन्या पद्धतीची, खाली दोन लिटरची बाटली आणि बाजूला रबराचा फुगा, फुगा दाबला की हवा बाटलीत जाते आणि सोल्युशन वर चढतं. फुगा काढून हातात घेतला तर नळीकडचा भाग कडक, चॉकलेटी, नखाने दाबलं तर पापुद्रा निघाला. आयोडीन रबर खातं, किंवा रबर आयोडीन खातं, काय म्हणायचं ते म्हणा, पण प्रत्येक वेळेला फुगा दाबला की ताजी हवा आत आणि आयोडीनची वाफ बाहेर आणि रबरात. दिवसाला पंधरा-वीस वेळा. त्यात दोन लिटरची बाटली, महिनाअखेर तळाला तीनशे एमएल राहिलेलं आणि वरती पावणेदोन लिटर रिकामी जागा, ती सगळी जांभळ्या वाफेची. बाटली जशी रिकामी होत जाते तसं उतरण्याचा वेग वाढतो, म्हणून पहिले दोन आठवडे सगळं ठीक वाटतं.

आयोडीन पाण्यात स्वतःहून फारसं विरघळत नाही, ते पोटॅशियम आयोडाइडने धरून ठेवलेलं असतं, ट्रायआयोडाइडच्या रूपात. आयोडाइड कमी पडलं तर उडायला आणखी मोकळं. लिटरला 14 ग्रॅम आयोडीनला 36 ग्रॅम आयोडाइड घ्यायचं आणि आधी 100 एमएल पाण्यातच पूर्ण विरघळवायचं, मग तीन थेंब हायड्रोक्लोरिक, मग मार्कपर्यंत. कोणी घाईत आधीच पातळ केलं तर तळाला आयोडीनचे बारीक कण राहतात, अंबर बाटलीत दिसत पण नाहीत, आणि पुढचे चार दिवस विरघळत राहतात. म्हणजे फॅक्टर आपोआप वाढतो. बनवल्या दिवशी टॉर्च मारून तळ बघा. आणि उलट दिशेचा दुसरा प्रकार, उजेड आणि आम्ल मिळालं की हवा आयोडाइडचं आयोडीन करते, मग ताकद वाढते. एकाच बाटलीत उडणं आणि बनणं दोन्ही चालू, कोण जिंकेल ते बाटली कशी वापरता त्यावर. सारख्या उघडल्या जाणाऱ्या बाटलीत आम्ही तरी उडणंच जिंकताना बघितलं.

आणि जाता जाता, सॅम्पल विरघळवायचं पाणी. तिथे पण ताजं उकळून गार केलेलं सांगितलेलं असतं, कारण पाण्यातला ऑक्सिजन ॲस्कॉर्बिक ॲसिड खातो, तांब्याचा अंश असेल तर आणखीच पटकन. आम्ही तिथेही उकळत नव्हतो. म्हणजे एकीकडे पातळ आयोडीन रिझल्ट वर ढकलतंय, दुसरीकडे पाणी खाली ओढतंय, आणि मधले दोन आठवडे लॉट पास होतायत ते दोन चुका एकमेकींना झाकतायत म्हणून. हे कळल्यावर मला पास झालेल्या लॉटचीच जास्त भीती वाटली, खरं सांगते.

आता काय बदललं ते. ऑटो ब्युरेट आयोडीनसाठी बंद, साधी ब्युरेट, पीटीएफई (टेफ्लॉन) कॉकची. दोन लिटरच्या ऐवजी 250 एमएलच्या अंबर बाटल्या, काचेचं घासलेलं बूच, गळ्यापर्यंत भरलेल्या, एक उघडली की सात दिवस, मग उरलेली टाकायची, जीव गेला तरी टाकायची. थायो उकळलेल्या पाण्यात, बनवल्यावर लगेच फॅक्टर काढायचा नाही, काही दिवस ठेवून मग काढायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आयोडीनचा फॅक्टर काढायच्या दिवशी थायोचा फॅक्टर आयोडेटवर त्याच दिवशी. दोन्ही सोल्युशन एकाच तारखेला बनवायची नाहीत, मुद्दाम दहा दिवसांचं अंतर. अंतर ठेवल्यामुळे कोणी चुकलं तर लपून राहत नाही.

ताकद बरोब्बर 0.0500 च पाहिजे असा हट्ट करू नका. फार्माकोपिया (औषधांच्या दर्जाचं अधिकृत पुस्तक) व्हॉल्युमेट्रिक, म्हणजे टायट्रेशनच्या सोल्युशनला सांगितलेल्या ताकदीच्या दहा टक्के इकडेतिकडे चालवून घेते, फक्त खरी ताकद किती ते नीट काढलेलं पाहिजे. म्हणजे आयोडीन उतरणं हा गुन्हा नाही, ते उतरलंय हे आपल्याला माहीत नसणं ही भानगड आहे.

बाकी रिएजंटचं, आमच्याच लॅबमध्ये नंतर एकेक उघडून बघितलं त्यावरून:

सोडियम हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड पितं आणि त्याचं कार्बोनेट होतं, हे शाळेपासून माहीत असतं. पण कार्बोनेट किती त्रास देईल ते इंडिकेटरवर (रंग बदलून एंड पॉइंट दाखवणाऱ्या रसायनावर) आहे हे विसरतात. फिनॉल्फ्थॅलीनवर कार्बोनेट बायकार्बोनेटपाशीच थांबतं, म्हणजे कार्बोनेट झालेल्या भागाची अर्धी ताकद गेली. मिथाइल ऑरेंजवर पूर्ण मोजलं जातं, म्हणजे काहीच गेली नाही. एका इंडिकेटरवर फॅक्टर काढून दुसऱ्यावर ॲसे केला तर जुन्या बाटलीत फरक येणारच, नव्या बाटलीत नाही येणार, आणि तुम्ही म्हणणार रिएजंट अनस्टेबल आहे. आयबुप्रोफेन फिनॉल्फ्थॅलीनवर करता ना, एक एमएल 0.1 मोलर म्हणजे 20.63 एमजी, मग फॅक्टर पण पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटवर, फिनॉल्फ्थॅलीनवरच काढा. गुलाबी रंग आला आणि अर्ध्या मिनिटात उडायला लागला तर ती पण खूण आहे. बाटली पॉलिथिलीनची, वर सोडा लाइमची गार्ड ट्यूब, आणि त्या ट्यूबमधला सोडा लाइम कधी बदलला ते लिहा. आमच्या एका ट्यूबमध्ये तो दगड झाला होता, कोणी कधी भरला होता कोणालाच आठवत नव्हतं. काचेच्या बाटलीत काचेचं बूच लावलं तर ते चिकटून बसतं, मग बूच काढताना बाटलीची मान हातात येते.

पर्क्लोरिक ॲसिड ग्लेशियल ॲसेटिकमधलं. इथे लोकं रिएजंट खराब झालं म्हणतात आणि बऱ्याचदा रिएजंटला काही झालेलंच नसतं. ॲसेटिक ॲसिड तापलं की पाण्यापेक्षा खूप जास्त फुगतं, एका डिग्रीला 0.0011 पट. पाण्यातल्या सोल्युशनला हे साधारण 0.0002 असतं, म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नाही. सकाळी 22 डिग्रीला फॅक्टर काढला, दुपारी एसी बंद पडला आणि 29 ला ॲसे केला, सात डिग्री गुणिले 0.0011, झाले 0.77 टक्के वर. दुसऱ्या दिवशी सकाळी परत केला तर बरोबर. याला कोणी भूत म्हणतं, कोणी ॲनालिस्ट. दोन्ही वेळचं तापमान लिहा आणि करेक्शन लावा, ब्युरेटचं रीडिंग गुणिले एक अधिक 0.0011 गुणिले फॅक्टरच्या वेळचं वजा ॲसेच्या वेळचं तापमान. करेक्शन लावून पण सरकत असेल तर मग पाणी शिरलंय का बघा, पाणी शिरलं की क्रिस्टल व्हायोलेट इंडिकेटरचा जांभळ्यावरून हिरवट निळ्यावर जाणारा बदल मळकट होतो, पटकन पलटत नाही. आणि हे सोल्युशन सांडलं तर लाकडावर किंवा कापडावर वाळू देऊ नका, लगेच भरपूर पाण्याने धुवा.

परमँगनेट. त्यातून निघणारा मँगनीज डायऑक्साइडच पुढच्या परमँगनेटला फोडतो, म्हणजे एकदा चॉकलेटी गाळ बसला की घसरण वेगात. बनवल्यावर उकळून, ठेवून, सिंटर्ड काचेतून (बारीक छिद्रांच्या काचेच्या गाळणीतून) गाळायचं, कागदातून नाही, कागद पण ते खातं. बाटलीच्या आत चॉकलेटी थर दिसला तर नवीन सोल्युशन त्याच बाटलीत भरू नका. आमच्याकडे वर्षानुवर्षं तीच बाटली विसळून भरत होते.

कार्ल फिशर रिएजंटबद्दल (पाण्याचं प्रमाण मोजायचा तो) फार सांगत नाही, तो हवेतली ओल पितो हे सगळ्यांना माहीत असतं आणि फॅक्टर रोज काढतातच. फक्त वाळवणाऱ्या नळीतली सिलिका रंग बदलल्यावर पण कोणी बदलत नाही. आणि ज्यावर तो फॅक्टर काढतात त्या डायसोडियम टार्ट्रेट डायहायड्रेटमध्ये पाणी 15.66 टक्के, तो आकडा धरून फॅक्टर एकदम वेगळा आला तर टार्ट्रेटची बाटली पण बघा.

एचपीएलसीवाल्यांसाठी (कॉलममधून दाबाने द्रव सोडून घटक वेगळे करणाऱ्यांसाठी), मोबाइल फेज, म्हणजे तो द्रव, हा पण रिएजंटच आहे. पीएच सातच्या आसपासचा फॉस्फेट बफर रूम टेम्परेचरला म्हणजे बॅक्टेरियाला पाहुणचार, चार दिवसांनी प्रेशर चढतं, कुठूनतरी अनोळखी पीक (ग्राफवरचे उंचवटे) येतात. बाटलीचं झाकण सैल असेल तर मेथनॉल किंवा ॲसिटोनायट्राइल उडतं, आणि रिव्हर्स्ड फेजवर ऑरगॅनिक कमी झालं की पीक उशिरा येतात. रिटेन्शन (पीक यायला लागणारा वेळ) रोज थोडं थोडं पुढे सरकतंय तर कॉलमला शिव्या द्यायच्या आधी झाकण बघा. बफर वेगळा आणि ऑरगॅनिक वेगळं ठेवून पंपावर मिसळता येत असेल तर तसं करा.

स्टार्चचा निळा रंग निळा न येता लालसर वाइनसारखा आला तर तो टाका, विचार करू नका. पीएच 10 चा बफर उघडा राहिला की कार्बन डायऑक्साइडने खाली येतो, 4 च्या बफरमध्ये बुरशीचे धागे दिसतात, पीएच मीटर त्यावर कॅलिब्रेट केलं तर पुढचं सगळंच वाकडं. आणि फ्रिजमधलं रेफरन्स स्टँडर्ड काढल्या काढल्या उघडू नका, बाटली खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दव धरतं आणि तुम्ही पाण्याचं वजन करून त्याला औषध म्हणता.

सिरिक अमोनियम सल्फेट तेवढं गुणी आहे, आम्लात ठेवलं की फारसं हलत नाही. सगळेच असे असते तर ही पोस्ट लिहायची वेळ आली नसती.

रूम टेम्परेचर या शब्दाबद्दल पण. लेबलवर लिहिलेलं असतं म्हणून आपण खोलीत ठेवतो, पण कुठली खोली? अमेरिकन फार्माकोपियाचं कंट्रोल्ड रूम टेम्परेचर 20 ते 25 डिग्री, मधेच 15 ते 30 पर्यंत गेलं तर चालतं पण मीन कायनेटिक टेम्परेचर (चढउतारांचा एकूण परिणाम धरून काढलेलं सरासरी तापमान) 25 च्या वर जायला नको. युरोपियन फार्माकोपियात रूम टेम्परेचर म्हणजे 15 ते 25. आणि आपलं कपाट? आम्ही एक मॅक्स-मिन थर्मामीटर त्या कपाटात बाटल्यांच्या मधे ठेवला, भिंतीवर नाही. भिंतीवरच्याने आठवडाभर 24-25 दाखवलं, कपाटातल्याने रविवारी 33 दाखवलं, कारण सुट्टीच्या दिवशी एसी बंद आणि कपाटाच्या मागच्या भिंतीला पलीकडून ओव्हन टेकलेला. दहा डिग्री वाढले की बऱ्याच रिॲक्शन ढोबळमानाने दुप्पट वेगाने होतात, त्यामुळे तो एक रविवार दोन दिवसांचा धरा. कपाट हलवलं, फुकटातलं काम होतं.

बाटलीवर छापलेली एक्स्पायरी सीलबंद बाटलीची असते, उघडलेल्या बाटलीला ती लागू नाही. उघडलेलीची मुदत तुमची तुम्हालाच काढायला लागते आणि त्यात काही रॉकेट सायन्स नाही. बनवल्या दिवशी (थायो असेल तर ठेवायचे दिवस झाल्यावर) तीन टायट्रेशनचा फॅक्टर काढा, तिन्हींचा आरएसडी (आकडे एकमेकांपासून किती विखुरलेत ते) 0.2 टक्क्यांच्या आत असला की धरा. मग तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, तिसावा दिवस. दोन बाटल्या लावा, एक रोजच्या वापरातली, एक न उघडलेली, प्रत्येक वेळी घन प्रायमरी स्टँडर्डवर (आयोडेटसारख्या शुद्ध, न बदलणाऱ्या पदार्थावर) मोजा, किंवा त्यावर त्याच दिवशी तपासलेल्या सोल्युशनवर. न उघडलेली सरळ आणि वापरातली उतरती असेल तर दोष वापराचा, झाकण, हवा, रबर. दोन्ही उतरत असतील तर दोष बनवण्यात किंवा ठेवण्यात, पाणी, उजेड, उष्णता. आम्ही 0.3 टक्के सरकलं की मुदत संपली असं धरतो, तुमच्या लिमिटप्रमाणे तुम्ही ठरवा, पण 100.5 ची छत असलेल्या मालाला एक टक्का सूट देऊन चालणार नाही.

लेबलवर आता आम्ही चार गोष्टी लिहितो, बनवल्याची तारीख, उघडल्याची तारीख, शेवटचा फॅक्टर, आणि तो फॅक्टर कशावर काढला व त्याची बाटली कधीची. चौथी गोष्ट लिहायला सगळे कुरकुर करतात, जागा पुरत नाही म्हणतात. लेबल मोठं छापून घेतलं.

गेले पाच महिने महिनाअखेरचा ओओएस नाही. आयोडीनचा ग्राफ छोट्या बाटल्यांमध्ये सात दिवसांत जवळजवळ आडवा आहे, थायोचा महिनाभर आडवा. आता सोडियम नायट्राइटचा लावलाय, सल्फा ड्रग्जसाठी, अंबर आणि साधी काच शेजारी शेजारी ठेवून. आज चौदावा दिवस, अजून दोन्हींत फरक पडलेला नाही, एकविसाव्याचं टायट्रेशन रात्रपाळीच्या त्या पोराला दिलंय.